घडीआडचं कुत्रं



स्मृतिव्याख्यान म्हटलं की पाणी, शेती, लोकशाही, संतसाहित्य असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. मी आज तीन वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या, कुत्र्याच्या गमतीच्या, घड्यांच्या चित्रपुस्तकाबद्दल बोलणार आहे. पुस्तक म्हणजे काय, तर जाड कागदाची एक लांब पट्टी, कागदी पंख्यासारखी मागेपुढे दुमडलेली. शिलाई नाही, पिन नाही. एकेक घडी उलगडावी आणि आत लपलेलं बाहेर यावं, एवढीच त्याची रचना. या चिमुकल्या वस्तूविषयी माझं म्हणणं मात्र चिमुकलं नाही. मराठीत 'घडी' म्हणजे कापडाची, कागदाची दुमड, आणि 'घडी' म्हणजे काळाचा लहानसा तुकडाही. दोन शब्दांची मुळं वेगळी असतील, पण कानाला दोन्ही एकच. घड्यांचं पुस्तक लहान मुलाला या दोन घड्यांचं नातं हातानं शिकवतं. कागदाची घडी उघडली की गोष्टीतली घडी पुढे सरकते. आधी काय झालं, आता काय आहे, पुढे काय असेल, हे कळणं म्हणजे वाचन. अक्षरं त्यानंतर येतात. हे कळल्याची खूण मूल हसून देतं. म्हणून अशा पुस्तकाला मी वाचनाआधीचा विरंगुळा मानत नाही, वाचनाचा आरंभ मानतो. आणि आपल्या शिरूर-दौंड भागात तो आरंभ कुत्र्यापासून करण्यात फार शहाणपण आहे, असं मला वाटतं.

कुत्राच का, इथून सुरुवात करू. मराठी घरातलं मूल बोलायला लागतं तेव्हा त्याच्या पहिल्या मूठभर शब्दांत काऊ, चिऊ, माऊ, हम्मा यांच्या पंगतीला 'भू-भू' असतोच. आणखी वर्षभरात त्याला कुत्र्याशी बोलायची सगळी भाषा येते. बोलवायचं तर 'यू यू', हाकलायचं तर 'हाड', अंगावर सोडायचं तर 'छू'. वाडीवस्तीवरच्या, उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहणाऱ्या टोळीतल्या, मेंढ्यांच्या वाड्याबरोबर हिंडणाऱ्या धनगराच्या, किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलाच्या ओळखीचे प्राणी वेगवेगळे असतील. कुत्रा सगळ्यांचा एक आहे. तो घरातला आहे आणि घराबाहेरचाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो, आणि खंडोबाचा भक्त वाघ्या कोटंब्यातलं, म्हणजे लाकडी पात्रातलं, अन्न कुत्र्यासारखं तोंड लावून खातो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. म्हणजे आपल्या लोकजीवनात कुत्रा एकाच वेळी हास्यास्पद आणि पूज्य होऊ शकतो. ज्याच्याकडे पाहून हसताही येतं आणि ज्याचा तिरस्कारही करावा लागत नाही, असं पात्र विनोदाला सहसा मिळत नाही.

पण छापील मराठीत लहान मुलाला हा कुत्रा भेटला का? फारसा नाही. मराठी मुलांच्या छापील वाचनाची सुरुवात बोधकथेनं झाली. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयानं १८०६ मध्ये 'बालबोधमुक्तावली' निघाली, ती इसापच्या गोष्टींची. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' आलं. इसापच्या गोष्टी मराठीत रुजवण्यातही छत्र्यांचा वाटा मोठा. इसापच्या जगात कुत्रा असतो तो पाण्यातल्या प्रतिबिंबावर भुंकून तोंडातला तुकडा गमावण्यासाठी, किंवा गव्हाणीत बसून बैलाला गवत खाऊ न देण्यासाठी. तिथे तो कुत्रा नसतो, लोभ किंवा हेवा असतो. आपल्या म्हणींतही त्याची तीच गत. शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. विंदा करंदीकरांनी १९६०च्या दशकात बालकवितेत निखळ चक्रमपणाला मानाची जागा मिळवून दिली, माधुरी पुरंदरे यांनी अलीकडच्या काळात चित्र आणि शब्द यांना एकमेकांच्या बरोबरीनं बोलायला लावलं. ही मोठी कामं आहेत. तरीही कुत्र्यानं मुलाला काही शिकवलंच पाहिजे, हा दोनशे वर्षांचा दंडक पुरता सुटलेला नाही. गमतीच्या पुस्तकाविरुद्धचा पहिला आक्षेप इथूनच येतो: नुसतं हसून मुलाला मिळतं काय?

याला उत्तर रशियन लेखक कॉर्नेई चुकोव्स्की यांनी दिलं आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या भाषेवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात त्यांच्या मुलीचा एक प्रसंग येतो. दोन वर्षंही पुरी न झालेली ती पोर एके दिवशी येऊन सांगते की कुत्रा म्याऊ करतो, आणि स्वतःच खदखदून हसते. चुकोव्स्कींनी यातून काढलेला निष्कर्ष फार मोलाचा आहे. उलटं बोलून हसता येण्यासाठी आधी सुलटं पक्कं ठाऊक असावं लागतं. कुत्रा भुंकतो याबद्दल जिच्या मनात शंका आहे ती मुलगी कुत्र्याच्या म्याऊला हसणार नाही, गोंधळेल. म्हणजे विनोद ही ज्ञानाला मिळालेली सुट्टी नव्हे. मुलानं स्वतःच घेतलेली आणि स्वतःच उत्तीर्ण झालेली परीक्षा आहे. भरतानं नाट्यशास्त्रात हास्याच्या कारणांमध्ये विकृत वेष, विकृत अलंकार सांगितले, त्यामागेही हेच गृहीत आहे. प्रकृती माहीत असल्याशिवाय विकृती ओळखूच येत नाही. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुलाला हसवायचं असेल तर त्याला जे पक्कं माहीत आहे तेच वाकडं करून दाखवायला हवं. पेंग्विनचा विनोद शिरूरच्या अंगणवाडीत पडेल, कारण पेंग्विन कसा चालतो हेच तिथे कुणी पाहिलेलं नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तिथलं प्रत्येक मूल जाणकार आहे.

आता घडीकडे येऊ. आई पदराआड तोंड लपवते आणि एकदम 'भॉ' करते. या खेळानं हसलं नाही असं मूल शोधून सापडायचं नाही. दिसेनासं झालेलं माणूस नाहीसं होत नाही, ही समज पहिल्या वर्षात येऊ लागते, आणि ती येत असतानाच हा खेळ सर्वांत रंगतो. पदर हीच पहिली घडी. कागदाची घडी तेच करते, फक्त पदर आता मुलाच्या हातात असतो. पुस्तक करणाऱ्यांच्या हे फार पूर्वी ध्यानात आलं. लंडनच्या रॉबर्ट सेयर यांनी १७६५ च्या सुमारास झडपा उचलून चित्र बदलणारी पुस्तकं विकायला काढली. पंख्यासारख्या घड्यांच्या पुस्तकाला युरोपात 'लेपोरेलो' म्हणतात. मोत्सार्टच्या १७८७ च्या 'डॉन जिओव्हानी' या संगीतिकेत लेपोरेलो नावाचा नोकर आपल्या धन्याच्या प्रेमप्रकरणांची लांबलचक यादी उलगडून दाखवतो, त्याच्यावरून हे नाव पडलं. नाव पडलं तेच मुळी विनोदातून. यादी उलगडतच जाते, संपत नाही, याचंच हसू येतं. घडीचा स्वभाव हा असा आहे. ती दोन प्रकारे हसवते, लपवून आणि लांबवून.

लपवण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कुत्र्याचंच आहे. ब्रिटिश चित्रकार एरिक हिल यांचं स्पॉट नावाच्या पिल्लावरचं पहिलं पुस्तक १९८० मध्ये आलं आणि पुढे साठाहून अधिक भाषांत गेलं. हिल जाहिरातींची कामं करत. झडप असलेलं एक जाहिरातीचं पत्रक त्यांच्या लहान मुलाला फार आवडलेलं पाहून त्यांना ही कल्पना सुचली. गोष्ट इवलीशी आहे. पिल्लू जेवलं नाही म्हणून आई त्याला शोधत निघते. दारामागे, घड्याळात, पियानोत, पलंगाखाली पाहते. प्रत्येक झडपेआड भलताच प्राणी निघतो आणि तो नाही म्हणतो. शेवटी पिल्लू टोपलीत सापडतं. यात झडप शोभेसाठी नाही. झडपा काढून टाका, गोष्टच उरत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण सर्वांत कठीण आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे.

तो आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेतल्या ज्युडी डीलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना दोन तऱ्हांची पुस्तकं देऊन पाहिली, साधी सपाट आणि उघडमीट करायची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उठावाच्या चित्रांच्या पुस्तकातून मुलं कमी शिकली. पुढच्या एका अभ्यासात अडीच-तीन वर्षांच्या मुलांनी खेळत्या भागांच्या पुस्तकापेक्षा साध्या पुस्तकातून अधिक अक्षरं उचलली. हाताला काम मिळालं की लक्ष तिकडे जातं आणि शिकायचं ते बाजूला राहतं, असा त्याचा अर्थ. मला हे निष्कर्ष मान्य आहेत. पण ते काय मोजतात हे पाहायला हवं. ते प्राण्यांविषयीची माहिती मोजतात, अक्षरं मोजतात. अक्षर शिकवायचं असेल तर झडप हा अडथळाच आहे, कारण अक्षराचा झडपेशी काही संबंध नाही. 'क कुत्र्याचा' घडीआड लपवण्यात काही हशील नाही. ते साध्या तक्त्यावर चांगलं शिकवता येतं. घड्यांचं पुस्तक वेगळ्या गोष्टीसाठी आहे, क्रमासाठी, अपेक्षेसाठी, अपेक्षाभंगासाठी. तिथे हात ज्याकडे लक्ष वेधतो तेच शिकायचं असतं. म्हणून या संशोधनातून मी घड्या टाकून द्याव्यात असं अनुमान काढत नाही. घडी गोष्टीचा कणा असेल तरच घालावी, असा नियम काढतो. बाजारातली निम्मी चमचमती पुस्तकं या नियमानं बाद होतील, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही.

कणा म्हणजे काय ते एका कल्पित पुस्तकावरून सांगतो. समजा, पट्टी मिटलेली असताना वरच्या पानावर मुटकुळं करून झोपलेला मोत्या आहे. पहिली घडी उघडली की त्याचं नाक भाकरीच्या वासानं चुलीपाशी पोचतं. दुसरीत मान, तिसरीत पोट, आणि पोट अजून उंबऱ्यावरच. चौथीत आणखी पोट. पाचवीत मागचे पाय अंगणात. सहावीत शेपूट, तेही गोठ्यामागे, आणि ते एका कोंबडीला घाबरवत आहे, याचा नाकाला पत्ताच नाही. पालथ्या बाजूला घड्या परत मिटत आणल्या की मोत्या आखडत आखडत पुन्हा मुटकुळं करून झोपतो. झोपेतून उठून आळोखेपिळोखे देणं हा कुत्र्याचा जन्मजात स्वभाव. पुस्तकाचा कागद तेच करतो. पुस्तक मिटणं आणि कुत्रं निजणं एकच होतं. यात बोध नाही, तात्पर्य नाही. पण तीन वर्षांचं मूल या एका पट्टीत आत-बाहेर, पुढे-मागे, आधी-नंतर, आणि एकाला माहीत असतं ते दुसऱ्याला नसतं, एवढं सगळं हाताळतं. शेवटची गोष्ट तर पुढच्या साऱ्या कथावाङ्मयाचा पाया आहे. नाकाला शेपटाचा पत्ता नाही हे ज्याला कळलं, त्याला नाटकातलं नाट्य कळायला फार दूर जावं लागणार नाही.

आणखी एक आक्षेप असा की हे सगळं परकं खूळ आहे. या आक्षेपाला उत्तर द्यायला दौंड तालुक्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी फ्रॉबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. मराठी मुलींसाठी वाचनपुस्तकं लिहायलाही तिथेच घेतली. फ्रॉबेलनं लहान मुलांच्या हाताला जे उद्योग दिले त्यांत कागदाच्या घड्या घालणं हा एक महत्त्वाचा उद्योग होता. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन उभं केलं, तिथे छापखाना घातला, मुलींच्या हाती खिळे जुळवायचं काम दिलं, आणि हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झालं. १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते पूर्ण प्रसिद्ध झालं. रमाबाईंनी कुत्र्याचं पुस्तक काढलं असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की बालशिक्षण, कागद आणि छपाई या तिन्हींचा विचार एकाच डोक्यात, याच तालुक्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि नंतर कोसबाडला मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं अशी भोवतालची साधनं वापरली. पद्धत बाहेरून यावी, सामान गावचं असावं, ही आपली चांगली परंपरा आहे. लपवून दाखवण्याची कलाही आपल्याला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीचं एकेक चित्र उचलून गोष्ट सांगतात. पुढचं चित्र गोष्ट तिथवर आल्याशिवाय दिसत नाही. स्पॉट मराठीत आणावा की नाही, हा प्रश्न म्हणून मला दुय्यम वाटतो. त्याच्या पियानोआड पाणघोडा निघतो. आपल्या मुलाला दोन्ही अनोळखी. घडीची युक्ती घ्यावी, आणि आत कणगी, रांजण, गुऱ्हाळाची काहील आणि दौंडच्या यार्डातली मालगाडी घालावी.

सर्वांत गंभीर आक्षेप आईबापांचा आहे. कुत्रं चावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मग कुत्र्याची गंमत दाखवून मुलाची भीड चेपवणं शहाणपणाचं आहे का? या प्रश्नाला मी 'पुस्तकानं कुणी बिघडत नाही' असं सोपं उत्तर देणार नाही. चित्राचा परिणाम होतो असंच माझं सगळं म्हणणं असेल, तर तो इथेही होईल. म्हणून पुस्तक करणाऱ्यानं एक मर्यादा पाळावी. चित्रातल्या कुणी कुत्र्याचं शेपूट ओढू नये, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये, पाठीवर बसू नये. मोत्याच्या पुस्तकात म्हणूनच माणसाचं मूल नाही. विनोद कुत्र्याच्या स्वतःच्या उद्योगातून यावा, त्याला छळण्यातून येऊ नये. इतकं पाळलं तर गमतीचं पुस्तक भीती आणि भाबडेपणा या दोन्हींपेक्षा बरं शिक्षण देतं, कारण ते मुलाला कुत्र्याकडे नीट पाहायला लावतं. चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस घ्यायची, हे मोठ्यांचं ज्ञान. ते मोठ्यांनी राखावं, तीन वर्षांच्या मुलाच्या पुस्तकावर लादू नये.

राहिले फाटण्याचे, पैशांचे आणि मोबाईलचे प्रश्न. २० बाय ३० इंचांच्या एका कागदातून पाच इंच रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीला पाच इंचांच्या सहा घड्या, दोन्ही बाजू धरून बारा चौकोन. कडा छाटण्यात थोडं जाईल, पण हिशोब एवढाच: एका कागदात चार पुस्तकं, बांधणीचा खर्च शून्य. कागद जाड असेल तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यावं, नाहीतर घडीवर शाई तडकते. फाटलंच तर पट्टी मागून चिकटवता येते. पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ कागदाच्या घड्यांतून मुलांना विज्ञान दाखवलं आहे; हे काम त्याहून अवघड नाही. मोबाईलवर बोट टेकवलं की झडप उघडते, मग कागद कशाला? कारण मोबाईलवर उघडलेलं मागचं नाहीसं होतं. पट्टी अंगणवाडीच्या सतरंजीवर पुरती पसरली की नाक आणि शेपूट एकदम दिसतात, दोन टोकांना दोन मुलं बसतात, आणि एकाला दुसऱ्याच्या टोकाशी काय चाललंय हे ओरडून सांगावं लागतं. कथा सांगण्याची गरज तिथे कागदाच्या लांबीतूनच निर्माण होते.

शेवटी एक प्रश्न उरतो. घडीआड काय आहे हे एकदा कळलं की पुस्तक संपलं नाही का? मोठ्यांचा विनोद दुसऱ्यांदा शिळा होतो. मुलाचा होत नाही. मूल 'पुन्हा' म्हणतं. पहिल्या वेळचं हसू आश्चर्याचं असतं. विसाव्या वेळचं, पुढे काय येणार हे ठाऊक असल्याचं. घडी उघडण्याआधीच जे हसू फुटतं, ते मूल वाचू लागल्याचं आहे. म्हणून अंगणवाडीतल्या पुस्तकाची किंमत ते किती कोरं राहिलं यावरून करू नये. नवं लुगडं पहिल्यांदा नेसण्याला आपण घडी मोडणं म्हणतो. कपाटात जपून ठेवलेलं लुगडं कितीही भारी असलं तरी ते अजून कुणाचं झालेलं नसतं. पुस्तकाचंही तसंच आहे. शिरूर-दौंडच्या अंगणवाड्यांत पुढच्या वर्षी कुणी मोजदाद केलीच, तर कपाटात किती पुस्तकं आहेत हे विचारू नये. किती पुस्तकांच्या घड्या मोडल्या, एवढंच विचारावं.